भिंतीपासून शिवारापर्यंत : ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ची वाटचाल

‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेची नोंदणी १९९८ सालची. स्मरणिकेच्या रिवाजाप्रमाणे इतिहासाची सुरुवात तिथून व्हायला हवी. पण ही संस्था ज्या कामातून उभी राहिली ते काम त्याआधीच लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतल्या खेड्यांत सुरू झाले होते. ते समजून घ्यायचे तर आधी तिथल्या जुन्या घराची भिंत समजून घ्यावी लागते.

या भागातले जुने घर म्हणजे काळ्या दगडाची, मातीत रचलेली रुंद भिंत. दोन फुटांची भिंत ही साधी गोष्ट. ऐपतदाराच्या वाड्याची भिंत याहून कितीतरी जाड. बाहेरून पाहिले तर ती अभेद्य वाटते. प्रत्यक्षात तिचे दोन पदर असतात, एक आतला आणि एक बाहेरचा. दोन्ही तोंडांना दगड नीट पारखून बसवलेले आणि मधल्या पोकळीत माती, चिपा, बारके धोंडे भरलेले. या अंगापासून त्या अंगापर्यंत जाणारा, दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नसायचाच. आत लाकडी खांब, तुळया आणि खण; वर माळवद. पावसाळ्याआधी गळती थांबवायची म्हणून माळवदावर पांढरी माती टाकायची. जुनी माती उतरवण्याची तसदी कोणी घेत नसे, नवा थर जुन्यावरच बसायचा. पिढ्यान्‌पिढ्या असे थर चढत गेले. उन्हाळ्यात घर गार राहायचे, आणि त्या गारव्याचे ओझे डोक्यावर आहे याची जाणीव कोणाला होण्याचे कारण नव्हते. दख्खनचे पठार म्हणजे हलणार नाही अशी जमीन, हाच सर्वांचा समज होता, जाणकारांचासुद्धा.

१९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारी परिसराला लहान धक्के बसले, लोक घाबरले, आणि मग ते दिवस मागे पडले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून माणसे उशिरा घरी आली होती आणि गाढ झोपेत होती. भिंतींचे दोन्ही पदर एकमेकांपासून सुटले, बाहेरचा गल्लीत पडला आणि आतला अंथरुणावर. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पायाशी सारे घर ढिगारा होऊन पडले. सुमारे ८,००० माणसे गेली. किल्लारी, सास्तूर ही नावे महाराष्ट्राला त्या पहाटेपासून कायमची ठाऊक झाली.

त्यानंतर राज्य धावले, हे नोंदवायलाच हवे. लष्कर आले, गावोगावचे डॉक्टर आले, कॉलेजातली मुले आली. भारतीय जैन संघटनेच्या शांतीलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. ज्ञान प्रबोधिनीचे कार्यकर्ते हराळी गावात आले आणि तिथेच मुळे धरून राहिले. कपडे, धान्य, ब्लँकेटे यांचे ढीग लागले. मदतीला आलेल्यांत मुंबईची ‘स्पार्क’ ही संस्थाही होती. भायखळ्याच्या पदपथांवर राहणाऱ्या बायकांबरोबर तिने काम केले होते. प्रेमा गोपालन या तिच्या आरंभापासूनच्या कार्यकर्त्या. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ हे नावही भूकंपाच्या आधीचे आहे. १९८९ च्या सुमारास ग्रामीण बायकांनी एकमेकींकडून शिकावे, बचत करावी, या हेतूने स्पार्कमध्येच ते काम सुरू झाले होते. मराठवाड्यात आल्यावर त्या नावाला जमीन मिळाली.

शासनाने जागतिक बँकेच्या कर्जातून जो पुनर्वसन कार्यक्रम आखला त्याचे दोन मोठे भाग होते. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे उचलून नव्या जागी वसवायची, हा पहिला. वर्तमानपत्रांत आणि नेत्यांच्या भाषणांत याचाच बोलबाला झाला. जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे, सरळ रेषेतले रुंद रस्ते, मोकळे चौक. घरे भक्कम होती. पण जुन्या गावात एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर हाक जायची, ती नव्या गावात जाईना. भावकी विखुरली. गाव इतके पसरले की पाणी शेवटच्या घरापर्यंत पोहोचवणे ही ग्रामपंचायतीची रोजची विवंचना झाली. आणि मुख्य म्हणजे या घरांची चावी लोकांच्या हातात आयती पडली होती. घर कसे बांधले, भिंतीत काय घातले, पुढे डागडुजी कशी करायची, हे घरमालकाला ठाऊक असण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. सगळीकडे असे झाले असे मी म्हणत नाही. पण देणगीदार आणि ठेकेदार यांच्यामध्ये गावकरी लाभार्थी म्हणून उरला, हे या भागात फिरलेल्या कोणालाही दिसले असेल.

दुसरा भाग आकाराने कितीतरी मोठा आणि दिसायला अगदीच साधा होता. ज्या गावांतली घरे पडली नव्हती पण तडकली होती, कलली होती, त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण. तेरा जिल्ह्यांत मिळून अशी दोन लाखांच्या जवळपास घरे. यात ठेकेदार नव्हता. मदत घरमालकाला आणि काम त्यानेच करून घ्यायचे. कागदावर ही योजना फार शहाणी होती. गावात मात्र ती अडली.

अडण्याची कारणे आज वाचताना सोपी वाटतात. लोकांना दगडाच्या घराची धास्ती बसली होती. घर उभे असूनही कुटुंबे समोरच्या पत्र्याच्या खोपीत महिनोन्‌महिने राहत होती. ज्या भिंतीने शेजारच्या गावातली सोयरी-धायरी मारली तिलाच पैसे लावून पक्की करा, हे सांगणे त्यांच्या गळी उतरेना. शिवाय ५२ गावांना अख्खे घर मिळत होते आणि आपल्याला दुरुस्ती, ही सल होतीच. इंजिनिअर यायचा, पुरुषमाणसांशी चार शब्द बोलायचा, अंदाजपत्रक करून जायचा. कोणाच्या नावावर किती मंजूर झाले, सिमेंट कुठून उचलायचे, गवंड्याला नेमके काय सांगायचे, हे बहुतेकांना कळत नव्हते. दिवसभर घरात वावरणाऱ्या, तडे रोज पाहणाऱ्या बाईला तर कोणी विचारलेच नव्हते.

१९९४ मध्ये शासनाने या कार्यक्रमातल्या लोकसहभागाची जबाबदारी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’कडे दिली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली सुमारे १,३०० गावे. एवढ्या गावांत कार्यकर्ते पाठवायला संस्थेकडे माणसे कुठली? प्रेमाताईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो मार्ग काढला त्यातच या संस्थेचा पुढचा सगळा इतिहास सामावलेला आहे. प्रत्येक गावातल्याच एका बाईची ‘संवाद सहायक’ म्हणून निवड करायची. ती त्याच गावची, बहुधा महिला मंडळातली किंवा अंगणवाडीतली. तिला थोडे मानधन. तिने गावाला योजना समजावून सांगायची, ग्रामसभा घडवून आणायची, इंजिनिअर आणि घरमालक यांच्यामधला दुवा व्हायचे आणि काम नीट होते की नाही त्यावर लक्ष ठेवायचे.

त्या काळातले मराठवाड्यातले खेडे डोळ्यांसमोर आणा. ग्रामसभेत बाईने बसणे हेच अप्रूप होते. सासऱ्यासमोर, सरपंचासमोर उभे राहून मंजूर यादी वाचून दाखवणे ही तर अशक्य वाटणारी गोष्ट. पण यादी हातात असलेल्या माणसाचे ऐकावे लागते. योजनेची माहिती आधी बायकांकडे आली आणि त्यांच्याकडून गावाला कळली, हा बदल साधासुधा नव्हता. काही इंजिनिअरांना सुरुवातीला हे रुचले नाही. पुढे त्यांनाच त्याचा उपयोग कळला, कारण गावात पाऊल टाकताच कोणते घर अडले आहे आणि का, हे सांगणारी व्यक्ती समोर उभी असायची.

आणि मग या बायका भिंत शिकल्या. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

जुनी दगडी भिंत मजबूत करायची पहिली पायरी म्हणजे तिच्या दोन पदरांची गाठ घालणे. गवंडी ठरावीक अंतराने खुणा करतो. खुणेच्या जागचा एक दगड पहारेचा दणका न देता, हलक्या हाताने सैल करून काढायचा. मग आतली माती आणि चिपा कोरून काढत पलीकडच्या पदरापर्यंत जायचे आणि तिथलाही दगड काढायचा. भिंतीला आरपार भोक पडते. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट ठासून भरायचे. ते सुकले की भिंतीत एक ओतीव दगड तयार होतो, पूर्वजांनी घालायचा राहून गेलेला. त्यानंतर कोपरे आणि दारा-खिडक्यांच्या वरची पातळी. तिथे भिंतीला बाहेरून जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा फिरवायचा, म्हणजे चारही भिंती एकत्र हलतील. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरके लाकडी तीर मारायचे. आणि माळवदावरची माती उतरवायची. घमेल्यामागून घमेले माती खाली येत असे, तेव्हा आजवर आपण कशाखाली झोपत होतो याचा अंदाज घरच्यांना यायचा.

यातले एकही काम अवघड नाही, पण यातल्या प्रत्येक कामात चुकवाचुकवी होऊ शकते. सळई घातलीच नाही आणि वरून गिलावा केला तर बाहेरून काही दिसत नाही. सिमेंटवर पाणी मारले नाही तर ते भुसभुशीत राहते. ही पाहणी करणारा सरकारी माणूस रोज दारात उभा राहू शकत नव्हता. घरची बाई राहू शकत होती. सळई किती जाडीची, माल कसा कालवायचा, पाणी किती दिवस मारायचे, हे तिने शिकून घेतले आणि गवंड्याला विचारायला सुरुवात केली. गवंडीही शिकले, त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षणे झाली आणि नमुन्याची कामे करून दाखवली गेली.

सगळ्यांनी जुनी भिंतच पक्की केली असे मात्र झाले नाही. पुष्कळ कुटुंबांनी मिळालेली मदत भूकंपाला टिकेल अशी एक नवी खोली बांधण्यात घातली आणि जुने घर तसेच ठेवले. तज्ज्ञांच्या हिशोबात ही योजनेची त्रुटी ठरेल. मला त्यात लोकांचा विचार दिसतो. निदान रात्री मुले निर्धास्त झोपतील अशी एक जागा त्यांना आधी हवी होती, आणि ती त्यांनी स्वतः ठरवून उभी केली. तरीही मागे उरलेल्या त्या जुन्या भिंतींचा प्रश्न मिटला नाही, हेही खरेच.

पुनर्वसनाचा कार्यक्रम संपत आला तसे मानधन थांबले. सरकारी प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या संघटना बहुधा याच वळणावर विरून जातात. कार्यालयाला कुलूप लागते, जीप परत जाते, फायली जिल्ह्याच्या गावी जातात. इथे तसे झाले नाही, कारण तोपर्यंत शेकडो गावांत बायका एकत्र बसायला लागल्या होत्या आणि त्यांना उठायचे नव्हते. महिला मंडळांनी बचतीचे काम हाती घेतले. ग्रामसभेत घराच्या यादीवर बोलणाऱ्या बायका आता नळाच्या पाण्यावर, शाळेच्या मास्तरांच्या हजेरीवर, रेशनच्या दुकानावर बोलू लागल्या. गावोगावी महिलांची माहिती केंद्रे उभी राहिली. १९९८ मध्ये संस्था स्वतंत्रपणे नोंदली गेली ती या टप्प्यावर. नोंदणीची ती तारीख म्हणजे माझ्या लेखी संस्थेचा जन्म नाही, तर प्रकल्प संपल्यावरही काम संपणार नाही असा तिने घेतलेला निर्णय आहे.

त्यानंतरची वर्षे भराभर सांगता येतील. बचत गटांचे महासंघ झाले, कर्जवाटपाची व्यवस्था बसली, धूरविरहित चुली आणि सौर दिवे गावोगावी विकणाऱ्या उद्योजक बायका तयार झाल्या. यातले सगळेच उपक्रम सारखे टिकले नाहीत आणि टिकावेत अशी अपेक्षाही रास्त नाही. पण दोन गोष्टींपाशी थांबायलाच हवे.

पहिली म्हणजे कच्छ. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी गुजरात हादरला. लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छला गेल्या. त्यांच्याकडे वाटायला धान्य नव्हते आणि बोलायला गुजराती नव्हती. पण घर पडल्यानंतर पुढच्या दोन वर्षांत काय काय होते, हे त्यांना ठाऊक होते. पंचनाम्यात आपले घर कोणत्या वर्गात बसवले ते विचारून घ्या. नव्या गावाचा आराखडा ठरण्याआधी सभेत बसा. घराच्या कामावर आपणच लक्ष ठेवा. भूकंपात सगळे गमावलेल्या बाईला हे दुसरी भूकंपग्रस्त बाई सांगते तेव्हा त्या सांगण्याला वेगळेच वजन येते. तिथे सल्ला आणि धीर वेगळे काढता येत नाहीत. तुर्कस्तानात १९९९ साली झालेल्या मोठ्या भूकंपानंतर तिथल्या बायकांशीही अशी देवाणघेवाण झाली. आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर मराठवाड्याच्या आणि गुजरातच्या बायका तामिळनाडूच्या किनाऱ्यावर, नागपट्टिनमकडच्या कोळी वस्त्यांत पोहोचल्या. कोरडवाहू शिवारातल्या बाईने समुद्र पाहिलेला नव्हता. मासेमारीतले तिला काही कळत नव्हते. पण मदतीच्या रांगेत आधी कोणाचे नाव राहून जाते, हे मात्र नेमके कळत होते. तिथे स्थानिक बायकांचे आरोग्य गट उभे राहिले आणि ‘आरोग्य सखी’ हे नाव तामिळ किनाऱ्यावर रुळले.

आपत्ती व्यवस्थापनाच्या परिषदांत आज ‘समुदायाचा सहभाग’ हा परवलीचा शब्द झाला आहे. मराठवाड्यातल्या संवाद सहायक बायका हे काम त्याआधीच करत होत्या. आपत्तीग्रस्त माणूस ही जाणकार व्यक्ती आहे आणि तिच्या जाणकारीला मानधन, प्रवासखर्च आणि बोलायला व्यासपीठ मिळाले पाहिजे, ही या संस्थेची धारणा मला तिच्या कोणत्याही पुरस्कारापेक्षा मोठी वाटते.

दुसरी गोष्ट दुष्काळ. भूकंप एका पहाटे येतो आणि जातो. मराठवाड्याचा दुष्काळ येऊन मुक्काम करतो. २०१२ पासून वारंवार कोरडी वर्षे आली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर आणले आणि ती चित्रे देशभर गेली. ऊस आणि सोयाबीन यांच्यामागे लागलेल्या शिवारात घरी खायला तूर-मूगसुद्धा विकत आणायची वेळ आली होती. या परिस्थितीत संस्थेने बायकांपुढे जो विचार ठेवला तो पुन्हा साधाच होता. घरच्या जमिनीतला एक एकर तुमच्या ताब्यात मागून घ्या. त्यात बाजारासाठी नव्हे, आधी चुलीसाठी पेरा. ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला अशी मिश्र पिके घ्या; गांडूळखत, जीवामृत, दशपर्णी अर्क घरी करा, पाणी कमी लागेल असे पाहा.

एक एकर मागणे ऐकायला सोपे आहे. शेतात सर्वांत जास्त राबणारी बाई सातबाऱ्यावर कुठेच नसते. काय पेरायचे हे नवरा किंवा सासरा ठरवतो. कित्येक घरांत पहिल्या वर्षी मिळाली ती सर्वांत खडकाळ, बांधाकडची जमीन. त्यावरही तिने घरचे धान्य काढून दाखवले की पुढच्या हंगामात बोलण्याचा सूर बदलतो. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे या कामातल्या अग्रणी. ऐन तारुण्यात वैधव्य आलेल्या या बाई बचत गटातून पुढे आल्या आणि हजारो बायकांना त्यांनी शेतीचे हे गणित शिकवले. २०१६ मध्ये, म्हणजे पाण्याची रेल्वे आली त्याच वर्षी, संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार या कामासाठी संस्थेला मिळाला.

प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या. मुंबईतून आलेल्या या बाईंनी मराठवाड्यातल्या खेड्यांना आपल्या आयुष्याची जवळजवळ तीन दशके दिली. त्यांच्याविषयी या स्मरणिकेत इतरत्र लिहिले जाईलच. मला एवढेच नोंदवायचे आहे की गावात बाहेरून येणाऱ्या संस्थेने स्वतःचे माणूस पाठवण्याऐवजी गावातले माणूस उभे करावे, हा आग्रह त्यांनी १९९४ मध्ये माणसे कमी पडत होती म्हणून धरला असेल; पण पुढे माणसे आणि पैसा मिळू लागल्यावरही तो सोडला नाही.

आता एक तातडीची बाब. २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलैला हिंगोली-नांदेड-परभणी पट्ट्याला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. पत्र्यावर ठेवलेले दगड काढून टाका, असे प्रशासनाला गावोगावी सांगावे लागले. तिथे आजही मातीत रचलेल्या दगडी भिंती आहेत, माळवदे आहेत, आणि त्यांची गाठ कशी घालायची हे सांगणारे फारसे कोणी नाही. लातूर-धाराशिवमध्ये ते सांगू शकणाऱ्या बायका आहेत. १९९४ मध्ये तिशीत असलेल्या संवाद सहायक आज साठीला आल्या आहेत आणि त्या काळचे गवंडी त्यांच्याहून थकलेले. त्यांची गावनिहाय यादी करणे, भोक पाडण्यापासून पट्टा फिरवण्यापर्यंत त्यांच्या हातचे काम चित्रित करून घेणे, आणि त्यांच्यातल्या ज्यांना प्रवास झेपेल त्यांना पुढच्या पावसाळ्याआधी हिंगोलीकडच्या गावांत नेणे, हे काम संस्थेने या वर्षी हाती घ्यावे. कच्छला जायला भाषा आड आली नव्हती. हिंगोली तर एका दिवसाच्या एसटीच्या अंतरावर आहे.